बाळचं विमान मीच उडवणार

६ जानेवारी १९५७, रविवार

चहा आज पुन्हा गार. सुलक्षणा म्हणते स्टोव्हची पिन सापडत नव्हती. माझ्या सासूच्या राज्यात चुलीला पिन लागत नव्हती. फुंकणी लागायची, आणि फुंकायला सून. आजकाल सून आहे, फुंकणी नाही.

एवढं लिहून झाल्यावर आठवलं की वहीत आधी श्री काढायचा असतो. काढते. श्री. देवा, समजून घे. चहाच तसा होता.

ही डायरी माझ्या थोरल्याला, नंदूला, हापिसातून फुकट मिळाली. त्याने मला दिली, दुधाचा रतीब लिही म्हणून. दूध मी तोंडी लक्षात ठेवते. डायरीत मी माझं लिहिणार. मी तिसरीपर्यंत शिकले आहे. म्हणजे तिसरीत बसले होते. परीक्षेच्या आधी लग्न उभं राहिलं.

आज लिहायचं कारण: बाळ पाडव्याला येणार. माझा धाकटा. दोन वर्षं झाली बंगळुरास विमानांच्या कारखान्यात आहे. पत्र आलं ते नंदूच्या नावे. माझ्या वाट्याला नमस्कारसुद्धा नाही.

८ जानेवारी, मंगळवार

बाळ का बोलत नाही ते एकदा लिहून टाकते, म्हणजे सुलक्षणा शेजारीपाजारी सांगते ते खोटं ठरेल.

परवाच्या साली होळीला चाळीतली मंडळी लाकडं मागायला आली. मी माळ्यावरची एक पेटी काढून दिली. आत पट्ट्या होत्या, कापसासारख्या हलक्या. हलकं लाकूड म्हणजे किडकं लाकूड, हे आमच्या मालवणात शेंबडं पोर सांगेल. बाळने म्हणे ते विलायतेहून मागवलेलं होतं. त्याची खेळातली विमानं करायची होती, पाच. पेटलं मात्र झकास.

बाळ काही बोलला नाही. महिनाअखेर ट्रंक उचलून गेला. ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि तिथल्या तिथे मिटलं असतं. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

माफी मागायची आमच्यात रीत नाही. म्हणून ठरवलं. त्याने आधी केलेलं एक विमान माळ्यावर शिल्लक आहे. पाडव्याला बाळ मैदानात उभा असेल आणि ते विमान मी उडवून दाखवीन. पुढे काय बोलायचं ते त्याने बोलावं.

तसं मला त्याच्या बोलण्याचं काही पडलेलं नाही. वस्तू पडून राहिली की वाळवी लागते, एवढ्याचसाठी.

९ जानेवारी, बुधवार. दुपार

विमान खाली काढलं. दोन हात लांब. वरून तलम कागद ताणून बसवलाय, ढोलकीच्या पुडीसारखा. पुढे अंगठ्याएवढं इंजिन. डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात, चाळीस फुटी, त्यांच्या टोकाला लाकडी मूठ. इंजिन घुमलं की विमान आपल्याभोवती गोल फिरतं. आपण मध्ये उभं राहून त्याच्याबरोबर फिरायचं. मूठ वर वळवली की विमान वर, खाली वळवली की खाली. बस, एवढंच. म्हशीला दाव्याने फिरवायला यापेक्षा जास्त अक्कल लागते.

बाळला म्हणे यात चक्कर यायची. येणारच. मी चाळीस वर्षं पिंपळाला रोज एकवीस आणि सोमवतीला एकशे आठ प्रदक्षिणा घातल्यात. आजवर चक्कर माहीत नाही. हा खेळ माझ्यासाठीच निघालाय, एवढंच की कुणाच्या लक्षात आलं नाही.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

गुणाजीला तिळगूळ दिला आणि बोलून ठेवलं. गुणाजी म्हणजे डॉक्टरांकडचा कंपाउंडर, आमच्याच गावचा. पन्नाशीला आला तरी दर रविवारी बाळबरोबर मिठागराकडच्या मैदानात हाच खेळ खेळायचा. त्याची बायको म्हणते, याला दारूचं व्यसन असतं तर निदान लोकांना सांगता आलं असतं.

गुणाजी म्हणाला, काकी, ह्यां तुमचां काम न्हय. मी म्हटलं, माझा तिळगूळ परत दे. मग तयार झाला. इंजिनाचं तेल तोच कालवणार. रॉकेल, ईथर आणि एरंडेल. एरंडेल! मी म्हटलं, या विषयात मला तू शिकवू नकोस, चार पोरांना नाक दाबून पाजलंय.

२० जानेवारी, रविवार

मैदानात गेलो. मी, गुणाजी आणि पदराला धरून क्षमा. क्षमा माझी नात, चार वर्षांची. सगळं बघते आणि घरी जाऊन सगळं सांगते. पुढच्या वेळी आणायची नाही.

आज गुणाजीने उडवलं, मी नुसतं पाहिलं. अकरा फेऱ्या. मग इंजिन बंद पडलं, विमान गवतात सरकत उतरलं आणि गुणाजी खाली बसला. घामाघूम. मला हसू आलं. पुरुषाची जात, अकरा फेऱ्यांत गार.

आवाज मात्र फार. भुंगा डब्यात कोंडल्यासारखा.

२२ जानेवारी, मंगळवार

घरी सराव. करवंटीला दोन सुतळ्या बांधल्या, लाटण्याची मूठ केली, स्वयंपाकघरात मध्ये उभी राहून फिरवली. सहा फेऱ्या अगदी उत्तम. सातव्या फेरीला लिंबाच्या लोणच्याची बरणी.

बरणीची जागाच चुकीची होती, हे मी सुलक्षणाला चार महिने सांगतेय.

२७ जानेवारी, रविवार

इंजिन सुरू करायला पुढचा पंखा बोटाने झटका देऊन फिरवायचा. गुणाजी म्हणाला, बोट लगेच मागे घ्या, उलट मारतं. मी म्हटलं, जातं ओढलेली बोटं आहेत रे ही.

उलट मारलं. मधलं बोट टम्म. गुणाजीने पट्टी बांधली. डॉक्टर नसताना बांधली, म्हणजे घट्ट बांधली.

उद्या कणीक सुलक्षणाने मळावी.

३ फेब्रुवारी, रविवार

पहिलं उड्डाण. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला. या खेळाला यासारखा पोशाख नाही, पाटलोणी घालून पुरुष उगाच अडखळतात.

गुणाजीने एक पेच काढला. नवशिक्याच्या मागे उभं राहून त्याचा हात धरून शिकवतात म्हणे. माझा हात? समोरच्या गच्चीवर मृणालिनीबाई कपडे वाळत घालत होती. मास्तरीण आहे, दिवसाला तीन वेळा कपडे वाळत घालते. मी म्हटलं, मुठीचं खालचं टोक तू धर, वरचं मी धरते, आणि मध्ये बोटभर जागा सोड. तशी धरली.

लांब उभं राहून विमान धरायला गुणाजीचा मित्र चंद्रप्रकाश आला होता. त्याने सोडलं. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला मैदान फिरायला लागलं. मी उभीच होते, फिरत होतं ते मैदान. मग बसले. गुणाजीने एकट्याने उतरवलं.

कारण उघड आहे. सकाळी भोपळ्याची भाजी होती. भोपळ्याने पित्त होतं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

भजनाला गेले तर बायका सरकून बसल्या. दोन्ही बाजूंनी. लुगड्याला एरंडेलाचा वास येतोय. गजर संपल्यावर मृणालिनीबाई सगळ्यांदेखत म्हणाली, काकू, पोट बरं नसलं की मूगडाळीचं पाणी घ्यावं. मी म्हटलं, माझं पोट तुझ्या तोंडापेक्षा बरं आहे. पुढचा अभंग कुणालाच सुचला नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज एकटीने. मूठ पूर्ण माझ्या हातात. दीड फेरी, मग विमान गवतात.

गुणाजी म्हणतो पडलं. मी म्हणते उतरवलं. पडलं असतं तर मोडलं असतं. एक चाक वाकडं झालं, तर चाक म्हणजे काही विमान नव्हे.

घरी आणून पदराने एरंडेल पुसत बसले होते. सुलक्षणा दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, काय बघतेस, भात लागतोय. ती डोळे पुसत गेली. कांदा चिरत असावी.

३ मार्च, रविवार. दुपारी दोन

तीन फेऱ्या आणि परत तीच चक्कर. आज भोपळा नव्हता. पडवळ होतं. पडवळाने काही होत नाही.

मग विचार केला आणि चूक सापडली. इतकी वर्षं या बाप्यांच्या कशी लक्षात आली नाही, नवल आहे. विमान उलटं फिरतं! डावा पंख आपल्याकडे, म्हणून सगळं फिरणं डावीकडून. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो ती उजवीकडून. डावीकडून फिरतात ते प्रेताभोवती, मडकं खांद्यावर घेऊन. आणि हे जिवंत बाईला मध्ये उभी करून तिच्याभोवती तसं फिरवतात! चक्कर येईल नाही तर काय होईल? पिंपळाला मला कधी आली नाही, कारण ती सुलटी होती.

गुणाजीला सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, काकी, विमानाक धर्म नसता. मी म्हटलं, विमानाला नसेल, मला आहे.

९ मार्च, शनिवार

गुणाजी शिमग्याला गावी गेला. सव्वीसला परत. जाताना तेलाची बाटली भरून दिली आणि शपथ घातली की तो येईपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. म्हणाला, काकी, बाळाचां एवढां एकच रवलां हा.

शपथ त्याने घातली. मी घेतली नाही.

१५ मार्च, शुक्रवार. होळी

संध्याकाळी चाळीची मंडळी लाकडं मागायला आली. मी दारातच सांगितलं, आमच्याकडे लाकूड नाही. मृणालिनीबाई म्हणाली, काकू, परवाच्या वर्षी तर पेटी भरून दिली होतीत. मी दार लावलं.

विमान माळ्यावरून काढून माझ्या खाटेखाली ठेवलं. पाट, पोळपाटही ठेवले. नंदू हापिसातून आला तर म्हणतो, आये, पाट कुठे गेले सगळे?

१७ मार्च, रविवार

सुधारणा केली. दाभण तापवून उजव्या पंखाला दोन भोकं पाडली आणि तारा तिकडून बाहेर काढल्या. डाव्या बाजूची भोकं खळ लावून पतंगाच्या कागदाने बुजवली. उजव्या पंखाच्या टोकाला आत शिशाचा एक गोळा चिकटवलेला दिसला. बाळ लहानपणापासून कामात असा गचाळ. असू दे म्हटलं, उगाच पंख फाटायला नको.

आता विमान सुलटं फिरेल. बाळ बघेल तेव्हा त्याला कळेल की आई नुसती शिकली नाही, तिने त्याची चूकही काढली.

शेवटचं वाक्य मी त्याला सांगणार नाही. आपणहून त्याच्या लक्षात आलं तर आलं.

२४ मार्च, रविवार. सकाळी सहा

पाडवा आठ दिवसांवर. गुणाजीची वाट बघत बसले तर सरावाला दिवसच उरत नाहीत. चंद्रप्रकाशही सासुरवाडीला, चेंबुरास. सुलक्षणाला बरोबर घेते. विमान धरून सोडायला अक्कल लागत नाही.

त्याच दिवशी. दुपार

आधी चांगलं ते लिहिते. इंजिन सुलक्षणाने सुरू केलं. एका झटक्यात. म्हणाली, स्टोव्हपेक्षा सोपं आहे. माझं बोट दोन महिने निळं आणि ही एका झटक्यात! हिला पिन सापडत नाही म्हणे.

विमान धरून ती म्हणाली, आई, भावोजी या बाजूने नाही उडवायचे. मी म्हटलं, म्हणूनच त्याला चक्कर यायची. सोड.

सोडलं. विमान उजवीकडून निघालं, सुलटं, अगदी शास्त्राप्रमाणे. अर्धी फेरी. मला चक्कर आली नाही, ही गोष्ट लिहून ठेवायची आहे. मग तारा ढिल्या पडल्या. विमान बाहेर पळायच्या ऐवजी आत वळलं, माझ्याकडे. मी मूठ वर केली. विमान खाली गेलं. मी आणखी वर केली, दोन्ही हातांनी, टाचा उचलून. ते आणखी खाली गेलं. नाकावर. जमीन तिथे कडक आहे, मिठागराची.

आवाज फार मोठा नाही झाला. पापड मोडल्यासारखा.

सुलक्षणा धावत आली. आधी विमानाकडे, मग माझ्याकडे. हे मी लक्षात ठेवणार आहे.

सगळे तुकडे ओटीत घालून आणले. मृणालिनीबाई गच्चीत होती. काहीतरी विचारत होती. नजर तिचीच लागली.

२५ मार्च, सोमवार

खळ करून तुकडे जोडायला बसले. जोडलेला पंख वाळला तो वाकडा वाळला. मग शेपटी जोडली, ती उलटी. दुपारी सोडून दिलं. तुकडे तांदळाच्या डब्यात ठेवले. इंजिन तेवढं शाबूत आहे. ते देवघरात ठेवलं, उदबत्तीत एरंडेलाचा वास दबतो.

क्षमा येईल-जाईल त्याला सांगते, आजीने मिठात काकाचं विमान फोडलं.

२६ मार्च, मंगळवार

गुणाजी गावाहून आला. येताना गुळाचं खाजं घेऊन आला. मी त्याला तांदळाचा डबा उघडून दाखवला. न ओरडता एकेक तुकडा उचलून बघत बसला. हासुद्धा बाळसारखाच निघाला.

मग म्हणाला, काकी, तारा दुसऱ्या बाजूने काढल्या की मुठीचं उलटं होतं. वर केलं की खाली. आणि शिसं मुद्दाम बाहेरच्या पंखात असतं, तारा ताणून धरायला. तुम्ही तोच पंख आत घेतलात.

मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, कोण मेलो असां करीत असां माका वाटलांच नाय.

हा सगळा दोष शिकवणाऱ्याचा. अर्धवट शिकवून गावी जातात.

विचारलं, नवीन करशील का? म्हणाला, तसं लाकूड विलायतेहून यायला सहा महिने. मी म्हटलं, सहा दिवस आहेत. खाजं ठेवून गेला.

३० मार्च, शनिवार

बाळचं पत्र. नंदू हापिसात, म्हणून सुलक्षणाने वाचलं. पाडव्याला रजा मिळत नाही, येणं जमत नाही.

जिवात जीव आला. तसं लिहायला नको होतं, पण आला.

पुढे मजकूर आहे. मी दोनदा वाचून घेतला. बाळ लिहितो की वहिनीने मागच्या महिन्यात कळवलं, आई रोज माझं विमान पदराने पुसते. खरं वाटत नाही. पण खरं असेल, आणि विमान नीट असेल, तर आईने तसं स्वतःच्या हाताने दोन ओळींत लिहावं, तिचं अक्षर मी ओळखतो. मग मे महिन्यात महिनाभर घरी येतो. नाही लिहिलं तर मी काय ते समजेन, पुन्हा विचारणार नाही.

सुलक्षणाला म्हटलं, तुला कुणी लिहायला सांगितलं होतं? ती म्हणाली, आई, मी खरं तेच लिहिलं होतं. आणि रडायला लागली. आज कांदा नव्हता.

३१ मार्च, रविवार

टाक, शाई, कागद घेऊन बसले. चि. बाळ यास अनेक आशीर्वाद, विशेष. एवढं छान आलं. पुढे विमान हा शब्द लिहिला. मग विचार केला, नीट आहे असं लिहावं. मे महिन्यात येऊन माळ्यावर चढेल. मोडलं असं लिहावं, तर परवाच्या सालची होळी आणि हे मिळून एकच झालं. कसं मोडलं ते लिहावं, तर उडवलं का ते लिहावं लागतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

कागद फाडला. दुसरा घेतला. तोही फाडला. मग शाई संपली असं म्हणाले. दौत अर्धी भरलेली होती, नंदूने पाहिली. काही बोलला नाही. या घरात न बोलायचं सगळ्यांनाच चांगलं जमतं.

१ एप्रिल, सोमवार. पाडवा

गुढी उभी केली. श्रीखंड बरं झालं होतं. तांदूळ काढायला डबा उघडला, परत झाकला. आज पुऱ्याच करा म्हटलं.

ठरवलं आहे ते लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी वाद घालू नये. बाळच्या पत्राचं उत्तर नंदूने लिहावं. मोठा भाऊ आहे, हापिसात दिवसभर दुसरं करतो काय? विमानाचं सुलक्षणाने सांगावं, सोडलं तिनेच होतं. मला कुणी विचारू नये. मी तिसरीत बसलेली बाई, मला विमानातलं काय कळतं. उत्तर नंदूनेच द्यावं, आणि उद्याच्या टपालात टाकावं.